आबांची कूस

न्यूमोनिया झाल्यावर आबांना इंदापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरून थेट बारामतीला, आयसीयूत हलवावं लागलं. व्हेंटिलेटर लावला, गुंगीचं औषध दिलं. वडिलांना असं गप्प पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. घरात बोलायचं काम त्यांचं आणि उलट बोलायचं माझं. आता उलट बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून मी वॉचमनपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांशी हुज्जत घालत सुटलो.

सगळ्यात जास्त राग होता तो आयसीयूतल्या, कन्हेरी गावच्या सिस्टरवर. दर दोन तासांनी ती वॉर्डातल्या मदतनीस मावशींना हाताशी घेऊन आबांची कूस बदलायची. पाठीशी उशी, पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. आबांच्या कपाळावर आठी पडायची.

"पडू द्या की त्यांना जरा निवांत," मी म्हणालो.

"निवांत पडलं की कातडं सडतं, दादा," ती म्हणाली आणि कामाला लागली. मला तो उद्धटपणा वाटला.

बाहेर बाकावर आई बसलेली असायची. आबांच्या पलंगावरची ती फुगणारी नि बसणारी हवेची गादी तिला मुळीच पटली नव्हती. "रबरावर माणसाला झोप येती व्हय?" आमच्याकडे बाळंतीण असो की म्हातारा, आजारपणात ज्याला त्याला त्याच्या गोधडीवरच निजवतात. आईनं घरून आबांची, तिच्या जुन्या लुगड्यांची, गोधडी आणली होती. "त्यांच्याखाली सार," ती म्हणाली. मीही मोठा शहाणा! चारच्या भेटीत, सिस्टर पलीकडच्या पेशंटपाशी असताना, मी गोधडीची चौघडी आबांच्या कमरेखाली सारली, पाठीची उशी काढून त्यांना उताणं केलं आणि वर चादर ओढली. बाहेर येऊन आईला सांगितलं, तेव्हा कुठं तिनं चहाचा कप तोंडाला लावला.

सहा वाजता मला आत बोलावलं. सिस्टरनं आबांना कुशीवर घेतलं होतं. माकडहाडावर तळहाताएवढा लाल चट्टा होता आणि त्यात गोधडीच्या धावदोऱ्याच्या ओळी उमटल्या होत्या. तिनं चट्ट्यावर बोट दाबून उचललं.

"दाबल्यावर पांढरं पडाया पायजे. पडत न्हाय. हितं कातडं फुटलं तर जखम हाडापातुर जाती, आन् ह्यांच्या अंगात आता ती भरून काढायची ताकद न्हाय."

आबांना ज्यातून उठायचं होतं, त्यात मी माझ्या हातानं आणखी एक दुखणं घातलं होतं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं गोधडीची घडी घालून माझ्या हातात दिली. "धुऊन ठेवा. घरी गेल्यावर लागंल."

दुसऱ्या दिवशी आई चट्ट्यावर चोळायला खोबरेल तेलाची बाटली घेऊन आत आली. "चोळू नका, आजी, आणखी दुखावंल," सिस्टर म्हणाली.

"पण झालं कशानं?"

सिस्टरनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "एका जागी पडून दाब येतो," एवढंच ती बोलली. खोटं बोलली नाही आणि आईला दोषही लागू दिला नाही. त्या एका वाक्यासाठी मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

पुढं तिनं आबांना पाठीवर टेकूच दिलं नाही. नुसतं डावीकडं नि उजवीकडं. मी भेटीला गेलो की आधी चट्ट्याचंच विचारायचो. चौथ्या दिवशी तिनं मला जवळ बोलावून बोट दाबलं. बोटाखाली पांढरा ठसा उमटला आणि हळूहळू भरला. कातडं फुटलं नव्हतं. मी तिथंच रडलो. लाज वाटली नाही.

व्हेंटिलेटरची नळी निघाल्यावर आबांना घोगरा आवाज फुटला आणि पहिली तक्रार सिस्टरची. "लई वंगाळ बाई. डोळा लागला की उलथती. तू एवढा भांडखोर, तिला एक शब्द बोलला न्हाईस?"

"न्हाय, आबा." मग मी गोधडीचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या बसणार.

तेवढ्यात सिस्टर मावशींना घेऊन आली. तिनं हात लावायच्या आधीच आबांनी पलंगाचा कठडा धरला आणि आपणच कूस वळवायला लागले.