तुटक रेघेवरचं स्टेशन

माझी मावसबहीण अमेरिकेतल्या एका शहरात राहते, आणि त्या शहराच्या नकाशावर एक निळी तुटक रेघ आहे. सलग रेघ म्हणजे धावणारी गाडी. तुटक रेघ म्हणजे कबूल केलेली गाडी. शहराचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या रेल्वे बोर्डापुढे तिला अजून बऱ्याचदा बोलायचं आहे. मी मिल्टन कीन्समध्ये राहते आणि अमेरिकेला कधी गेलेली नाही. तरी ती रेघ मी न बघता काढून दाखवीन: नदी ओलांडते, जुन्या मोटारींच्या बाजाराला वळसा घालते, हॉस्पिटलच्या मागून जाते आणि मग कॉलेजकडे वळते.

इतर बहिणी एकमेकींना कुर्ते दाखवतात. आम्ही दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर ट्रान्झिट प्लॅन, म्हणजे शहरांचे रेल्वे-बसचे आराखडे, बघायचो. अमेरिकेतली शहरं सध्या रेघा ओढायच्या नादाला लागली आहेत. ज्यांनी एके काळी हौसेने ट्रामचे रूळ उखडले, तीच शहरं आता नकाशात त्याच रस्त्यांवर रूळ रेखाटून दाखवतात, आणि वर लिहितात, नवी संकल्पना. एका शहराने पहिली रेघ वस्त्या सोडून विमानतळाकडे नेली. आमच्या घरी असल्या गोष्टीवर संध्याकाळपर्यंत पत्रक छापून झालं असतं. दुसऱ्या शहराने स्टेशनं हायवेच्या मधोमध काढली, म्हणजे उतरणाऱ्याने आठ लेन ओलांडाव्यात. त्या प्लॅनमधली चित्रं तर आम्ही मोठी करून बघायचो. सगळी माणसं हसतमुख, सगळी झाडं वाढलेली, आणि एकाच्याही हातात भाजीची पिशवी नाही.

"ताई, ही बाई बघ," बहीण म्हणायची. "मागच्या तीन शहरांच्या चित्रांत हीच होती. पिवळ्या कोटवाली."

"तिला घर नसेल," मी म्हणायची. "स्टेशनांवरच राहते."

मला हे सगळं वाचायची गोडी लागली याचं कारण घरातच आहे. मी नागपुरात पत्रकांच्या घरात वाढले. इतर मुलं ज जहाजाचा शिकली, मी ज जाहीर सभेचा शिकले. बाबा चळवळीची पत्रकं लिहायचे, आई ती घडी घालायची, आणि जेवताना चर्चा असायची ती दुसऱ्या परिच्छेदाची. मागण्या असलेला कागद दिसला की मला भूक लागल्यासारखं होतं. आणि प्लॅन म्हणजे तरी काय, मागण्याच की. फक्त त्या सरकारने स्वतःकडेच केलेल्या.

बहिणीला मात्र त्या रेघेची गरज होती. तिला फिट येतात. फिट आली की पुढचे काही महिने तिथे कायद्याने गाडी चालवता येत नाही, आणि फिटशिवायचे एवढे महिने सलग तिच्या मेंदूने तिला कधी दिलेच नाहीत. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. बस तासातून एक. बाकी सगळं सहकाऱ्यांच्या लिफ्टवर, आणि लिफ्ट मागताना ती आधी सॉरी म्हणते, बसताना म्हणते, उतरताना म्हणते. तिने भाड्याचं घर घेतलं ते नकाशा बघूनच, हॉस्पिटलपासून दोन स्टेशनं दूर, जिथे तुटक रेघेवर एक पोकळ ठिपका होता तिथे. खिडकीतून पार्किंग लॉट दिसतो. तो लॉट म्हणजेच ते स्टेशन.

मग एका शनिवारी तिने कॉल केला आणि प्लॅन उघडलाच नाही.

"ठिपका काढून टाकतायत," ती म्हणाली. "खर्च वाचवायला. गाडी जाईल, पण इथे थांबणार नाही. बोर्डाची मीटिंग आहे दोन आठवड्यांनी, त्यात ठरेल."

"मग?"

"दादा म्हणतो, त्याच्याकडे ये. तो नेईल-आणेल." तिचा भाऊ दुसऱ्या राज्यात एका लांबच्या उपनगरात राहतो, जिथे दूध आणायलाही गाडी लागते. "मी ठरवलंय, ताई. ठिपका राहिला तर राहते. गेला तर जाते दादाकडे."

"ते स्टेशन बांधून होईस्तोवर तू चाळिशीला टेकशील."

"माहितीये. पण चाळिशीतही गाडी न चालवणारी माणसं असणार, एवढं तरी त्यांनी मान्य करावं ना. नाहीतर मी इथे कोणाच्या भरवशावर थांबू?"

अशा वेळी मी लिहायला बसते. मीटिंगमध्ये कोणालाही बोलता येतं, प्रत्येकी दोन मिनिटं. मी दोन मिनिटांचं भाषण लिहिलं. सुरुवात होती: "रेल्वे ही मेहेरबानी नव्हे." मध्ये चालकशाही, म्हणजे गाडीवाल्यांचं राज्य, हा शब्द होता, तो मीच तयार केला होता आणि त्याचं इंग्रजी करताना माझा पूर्ण रविवार गेला असता, पण त्या रविवारी आमची बुद्धवंदना होती.

महिन्यातून एकदा आम्ही इथली नागपूर-पुण्याकडची मंडळी एक कम्युनिटी सेंटर भाड्याने घेतो. वंदना होते, जेवण होतं, खुर्च्या आवरताना राजकारण होतं. सगळे गाडीने येतात. मी लाल डांबराच्या सायकलवाटेने चालत जाते, तत्त्व म्हणून, आणि ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास झाले म्हणूनही. त्या दिवशी वरणाच्या पातेल्याला फोन टेकवून ठेवला, पलीकडे बहीण, आणि मी भाषण वाचून दाखवलं.

सगळ्यांना आवडलं. काकांना आवडलं नाही. काका म्हणजे आमच्यातल्या एका इंजिनिअरचे वडील, सहा महिन्यांच्या व्हिसावर नागपूरहून आलेले. गेली चाळीसेक वर्षं जयंतीच्या मिरवणुकीपासून लायब्ररीच्या उद्घाटनापर्यंत त्यांच्याशिवाय माइक सुरू झाला नव्हता. इथे त्यांना माइकच नव्हता. इथले राउंडअबाउट, म्हणजे रस्त्यातले गोल चौक, मोजून मोजून ते कंटाळले होते.

"पोट्टे," काका मला म्हणाले, "मंच कुठे आहे तुझ्या भाषणात?"

"मंच नाही काका. थेट मुद्दा आहे."

"मंचावर किती लोक?"

"अठरा," पातेल्यापाशी टेकलेली बहीण म्हणाली.

"अठरा माणसं बसलीत आणि तू त्यांना विचारतही नाहीस? एकेकाचं नाव घे. नावासोबत एक चांगली गोष्ट. मग माग काय मागायचं ते. नाव घेतलेला माणूस झोपत नाही."

"काका, हीच सरंजामी पद्धत," मी म्हणाले. "मान्यवर, मान्यवर करत मूळ प्रश्न राहतो बाजूला."

"तुझ्या बाबांच्या सभेत मीच नावं घेतली आहेत," काका म्हणाले. "तेव्हा नाही राहिला तो बाजूला."

खुर्च्या आवरणाऱ्यांत दोन तट पडले. माझ्या बाजूला तत्त्व होतं, काकांच्या बाजूला पोळीवाल्या सगळ्या काकू. शेवटी बहिणीलाच विचारलं. ती म्हणाली, "ताई, मला भांडता येत नाही. पण कौतुक करता येईल मला." विषय तिथेच संपला. पुढचे दोन आठवडे काका रोज तिच्याकडून तालीम करून घेत होते. अठराही जणांची माहिती तिने काढली. कोणी शाळेला पैसे जमवायला शर्यतीत धावलं होतं, कोणी वाचनालय वाचवलं होतं. माझी चालकशाही पहिल्याच दिवशी गळाली.

मीटिंग गुरुवारी होती, तिथली सकाळ, आमची दुपार. मी अर्धा दिवस रजा टाकली. मॅनेजरला फॅमिली मॅटर सांगितलं, ते खोटं नव्हतं. काकांच्या मुलाच्या दिवाणखान्यात टीव्हीवर मीटिंग लावली होती. काका इस्त्रीचा सदरा घालून बसले होते, मागे पोळीवाल्यांतल्या दोघी काकू.

आधीचे बोलणारे सगळे चिडलेले. एकाने बोर्डाला झोपेतून उठायला सांगितलं, एकाने राजीनामे मागितले, एकाने फक्त एस्केलेटरबद्दल ओरडून घेतलं. अठराही जण फोनमध्ये बघत होते. मग बहीण आली. टीव्हीवर ती फार लहान दिसत होती. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळायला लागलं.

"सन्माननीय अध्यक्ष," ती इंग्रजीत म्हणाली, आणि अध्यक्षांनी ज्या वाचनालयाची गळती थांबवली त्याबद्दल त्यांचे आभार मानले. अध्यक्षांनी मान वर केली. तिने दुसरं नाव घेतलं. तिसरं घेतलं. चौथ्या बाईंच्या शाळेच्या बागेत तिने टोमॅटो बघितले होते, तेही सांगितलं. एकेक फोन खाली जायला लागला. पाचव्या गृहस्थांनी टाय सारखा केला.

"बघ," काका म्हणाले. "जागे झाले."

"काका, घड्याळ बघा."

"घड्याळ काय, नावं बघ. एकही चुकलं नाही."

सातवं. आठवं. मी सोफ्यावरून उतरून जमिनीवर बसले. घड्याळ पिवळं झालं. नववं. बहीण शांतपणे, एकेक अक्षर स्पष्ट, जशी काकांनी शिकवली तशी. दहावं नाव आलं तेव्हा घड्याळ लाल झालं. अकराव्या बाईंच्या आजीचा बस ड्रायव्हर म्हणून सत्कार झाला होता, तिथे माइक बंद झाला.

स्टेशन हा शब्द तिने उच्चारलाही नव्हता.

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. टीव्हीवर अध्यक्ष म्हणाले, धन्यवाद, पुढचे वक्ते. बहीण तिथेच उभी, तोंड उघडं.

तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका जाडजूड गृहस्थांनी हात वर केला. "अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "माझं नाव यायचं राहिलं आहे."

सभागृहात कोणीतरी हसलं. त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "माझंही. आणि मला जाणून घ्यायचंय, माझ्याबद्दल काय चांगलं सापडलं ते." आता सगळे हसायला लागले. ज्यांची नावं झाली होती ते ऐसपैस हसत होते, राहिलेले सात जण जरा कमी हसत होते. अध्यक्षांनी विचारलं, हरकत आहे कोणाची? कोणाची नव्हती. घड्याळ परत मागे फिरवलं. बहिणीला आणखी दोन मिनिटं मिळाली.

"नावं घे," काका टीव्हीला म्हणाले. "बारावं घे."

"घेऊ नकोस," मी टीव्हीला म्हणाले.

तिने आमच्या दोघांपैकी कोणाचंच ऐकलं नाही. ती म्हणाली, "उरलेली सात नावं मी स्टेशनच्या उद्घाटनाला घेईन. तुम्ही सगळे याल अशी आशा आहे. आता मला सांगायचंय ते थोडं आहे. मला फिट येतात, म्हणून मी गाडी चालवू शकत नाही. मी तुमच्या हॉस्पिटलमध्ये रक्त तपासते. त्यातलं काही तुमचंही असेल. तुमची गाडी माझ्या खिडकीसमोरून जाणार आहे. तिला थांबायला सांगा. मी रोज लोकांकडे लिफ्ट मागते आणि रोज सॉरी म्हणते. स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसाला कोणालाही सॉरी म्हणावं लागत नाही." आणि वेळ उरलेला असताना ती जाऊन खाली बसली.

यात पत्रकाला लागणारं सगळं होतं. मी लिहिलेलं काहीच नव्हतं. मी काकांच्या गुडघ्याला धरून हसत होते का रडत होते ते काकूंना ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी मला पाणी दिलं.

मतदान दोन तासांनी झालं. ठिपका नकाशात राहावा या बाजूने दहा, विरोधात आठ. अध्यक्षांनी निकाल वाचला आणि पुढचा विषय घेतला, पार्किंगचे दर. टाळ्या फक्त आमच्याकडे वाजल्या. त्या दहांत कोण होतं ते बघायला काका टीव्हीजवळ सरकले. टोकाचे जाडजूड गृहस्थ होते. आजी बस ड्रायव्हर असलेल्या बाई नव्हत्या. "अर्धवट राहिलं ना त्यांचं," काका हळहळले. "म्हणून गेलं ते मत."

मग बहिणीचा कॉल आला. ती सभागृहाबाहेरच्या बस स्टॉपवर उभी होती आणि बसला अजून चाळीस मिनिटं होती.

"दादाला सांगितलं, येत नाही म्हणून," ती म्हणाली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, स्टेशन व्हायला वर्षं लागतील, तोवर काय करशील? मी म्हटलं, तोवर बस आहे. तो म्हणाला, बस कुठे आहे? मी म्हटलं, येईलच."

बस येईपर्यंत आम्ही तिला फोन ठेवू दिला नाही. काकूंनी तिला जेवलीस का विचारलं. काकांनी तिचे श्वास कुठे चुकले ते सांगितलं. मी तिला सांगितलं की पुढच्या मीटिंगला आपण तासाला एकच बस का, हा विषय घ्यायचा, पत्रक मी लिहिते, आणि ती म्हणाली, लिही, पण छोटं लिही. मग हॉर्न ऐकू आला, दार उघडल्याचा फुस्स आवाज आला, आणि ती बसमध्ये चढता चढता ड्रायव्हरला म्हणाली, "स्टेशन राहिलं."

"कुठलं स्टेशन?" ड्रायव्हरने विचारलं.

आणि आमची ही बहीण, जी दुसऱ्याच्या गाडीत बसताना सॉरी म्हणते, ती दारातच उभी राहिली, मागची माणसं खोळंबलेली, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.