पांगाऱ्याचं खोड

आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मी गावात जे पहिलं काम केलं, ते झाड पाडण्याचं. काम चोख झालं. कुणाला खरचटलंही नाही. हे सांगताना आजही तोंड कडू होतं.

मुळशीतल्या आमच्या गावी वडील आणि थोरले चुलते वेगळे झाले, तेव्हा सगळ्या शेतात भांडण एका पट्टीवरूनच झालं. ओढ्याच्या अंगाची, उन्हाळ्यातही ओल धरणारी, जेमतेम चार-पाच पावलं रुंद. भाताचं रोप तिथं जसं येई तसं दुसरीकडे येत नसे, आणि रोप गेलं की वर्षाचं भात गेलं. पंचांनी ती पट्टी वडिलांना दिली. कागद कुणी केला नाही. वडिलांनी हद्दीवर पांगाऱ्याचे ओले खुंट रोवले. आमच्याकडे कुंपणाला पांगारा लावतात; ओला खुंट मुळं धरतो, मग खांब कुजायचा प्रश्न नाही. बाकीचे गुरांनी मोडले, एकच जगला. पुढं चुलत्यांनी त्यालाच खिळे मारून काटेरी तार ओढली.

तेव्हा मी पहिलीत होतो. बी.ए. होऊन आलो, तर तो खुंट कवेत मावत नव्हता. तिन्ही तारा त्यानं गिळल्या होत्या. एका बाजूनं आत जात आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येत. झाड चुलत्यांच्या गोठ्याकडे कललं होतं. वारा सुटला की तारा ताणल्या जात आणि पलीकडचे खांब उपटून येत.

वैशाखात चुलते दारात येऊन उभे राहिले. "एक दिस गोठ्यावर यील ते. माजी बैलं मरतील."

भीती खरी होती. वडिलांच्या आधी मीच चुलत्यांना म्हणालो, "तात्या, मी पाडतो."

दिवसभर अनवाणी राबून वडिलांनी मला शिकवलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत काहीतरी करून दाखवायची मला घाई झाली होती.

ताणलेली तार एकदम तोडली तर उसळून डोळा फोडते. म्हणून आधी शेजारच्या खांबांचे खिळे काढून तारा सैल केल्या. मग खोडापासून हातभर सोडून पकडीनं तोडल्या आणि टोकं वळवून ठेवली. बैल सोडून लांब बांधले. शेंड्याकडून एकेक फांदी दोर बांधून कापली आणि आमच्या बाजूला उतरवली. साल काटेरी, म्हणून हातांना गोणपाट गुंडाळलं होतं. बांधावर माणसं जमली.

"डिग्री संभाळ रं, खाली पडंल!" एकजण ओरडला.

"पडली तर गोठ्यावर नको पडू दिऊ," दुसरा म्हणाला.

खोडात तार असल्यानं करवतीचे दात गेले असते. मी तारेच्या वर आणि खाली असे दोन काप घेतले. मधला ओंडका, पोटात तारा असलेला, बाजूला लोटला. संध्याकाळी गुडघ्याएवढं खोड उरलं.

वडील इतका वेळ बसून होते. ते उठले. "आता ऱ्हाऊ दे. एवढं ऱ्हाऊ दे."

"आबा, पांगारा आहे. पुन्हा फुटेल. मुळासकट काढायला हवा."

"फुटू दे की."

चुलते हसले. "आता आपन अडान्यांनी कशापायी बोलायचं? पोरगं शिकल्यालं हाय. त्याला लई कळतं."

वडिलांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सख्ख्या भावाच्या तोंडावर 'माझा तुझ्यावर भरवसा नाही' असं आमच्यात कुणी म्हणत नाही. ते घराकडे निघून गेले. मला वाटलं, थकले. चुलत्यांच्या शब्दांनी मला हुरूप आला होता. दुसऱ्या दिवशी पहार आणि टिकाव घेऊन मी मुळं काढली, खड्डा बुजवला, वर माती ओढून पायांनी दाबून सारखी केली. झाड कुठं होतं, हे मलाही सांगता आलं नसतं.

मग पुण्यात नोकरी लागली. लावणीच्या दिवसांत रजा काढून आलो, तर काटेरी तार पट्टी ओलांडून आमच्या बाजूला आली होती, नव्या खांबांवर, दोरी लावल्यासारखी सरळ. आमच्या वाफ्यातलं रोप चुलते उपटत होते. आई शेजारच्या वाडीत रोप मागायला गेली होती.

मी पौडला तालुक्याच्या कचेरीत गेलो. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "वाटणी कागदावर आहे?"

"नाही."

"जागेवर काही खूण?"

मी परत आलो. पंचांपैकी दोघे वारले होते, आणि तिसऱ्यानं "मला आता आठवत न्हाई बाबा" म्हणून हात जोडले. घरी वडिलांना विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"भावाम्होरं काय सांगू?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुला कळंल."

तारेचा ओंडका आईला जाळता येईना, कुऱ्हाडीचं पातं मोडलं असतं. तो दाराशी पडून राहिला आणि वडील त्यावर बसू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "माज्या पोरानं पाडलं झाड. गोठ्याचं कौलसुदिक हाललं न्हाई."

टोमणा असता तर सोसता आला असता. ते कौतुकानं सांगत.