खटक्याखालचा वेल

गेल्या रविवारी लष्कर मोहल्ल्यात शंकरमामांकडे गेले होते. मामा सख्खे नव्हेत, आईच्या माहेरचे शेजारी... पण मैसूरच्या मराठी घरांत मामा व्हायला एवढं नातं पुरतं!

जुन्या बंदुकांवरची नक्षी आणि झिलई मूळची आहे की मागाहून केलेली, हे तपासणं माझं काम. मामांकडे त्यांच्या वडिलांची शिकारीची दुनळी बंदूक आहे, रीतसर लायसन्सची.

मामांचा संशय असा, की धाकट्या भावाने, वसंताने, ती दुरुस्तीला नेली आणि बदलून आणली. "अप्पांच्या बंदुकीवर कोरलेला कुत्रा कसा ठसठशीत होता! हा नोड, बघ की, पुसल्यासारखा. सुम्ने, उगाच सांगत नाही गं मी." लायसन्सवरचा नंबर जुळतोय म्हटलं, तर म्हणे नंबर कुणीही कोरून देतो. एवढ्यावरून दोघा भावांचं बोलणं बंद... कित्येक वर्षं.

मी भिंग लावलं. कुत्रा, त्याच्याभोवतीचा वेल, सगळी नक्षी खरंच पुसट, कडा गुळगुळीत. पोलादावरचे मूळचे निळे-तपकिरी रंग साफ गेलेले. मामा बरोबर निघाले तर वसंतमामांचं काय?

मग बंदूक उघडायचा वरचा खटका बाजूला सरकवला... आणि त्याच्याखाली तोच वेल, जसाच्या तसा! बाहेरचा अर्धा पुसट, आतला अर्धा कालच कोरल्यासारखा, रंगासकट. रेघ कुठेही तुटलेली नाही. म्हणजे नक्षी मूळचीच होती, बाहेरून कुणीतरी घासघासून घालवलेली.

"मामा, ही घासतं कोण?"

"कोण म्हणजे? मीच! दर खंडेनवमीला, चिंच आणि राख लावून, देवाच्या भांड्यांबरोबर. पूजेला लखलखीत नको?" मामा ऐटीत सांगत होते... आणि मधेच थांबले.

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "अय्यो..." एवढंच म्हणाले आणि फोन शोधायला लागले. नंबर मी लावून दिला.

"वसंता, यंदा खंडेनवमीला ये रे. अप्पांची बंदूक तूच पूस... सुक्या फडक्याने. मी हात लावत नाही." पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. मामांचे डोळे मात्र भरून आले, आणि खरं सांगते, माझेही.

अस्सल की नक्कल, एवढंच सांगायला मी गेले होते. बंदूक अस्सल निघाली... आणि भाऊही. त्या बोटभर खटक्याचे मनापासून आभार.