अंगणातलं बुलढाणं

इकडे सरक, शालू. कागदातून हात पोचत नाही, नाहीतर कानच धरला असता तुझा. वर्ष झालं तुला बुलढाण्याच्या शाळेत नोकरीला लागून, अन् पत्रात लिहितेस, "आजी, इथं पाहण्यासारखं काही नाही." पोरी, त्याच गावापायी माझी नोकरी जाता जाता राहिली. ऐक आता.

आमच्या डोणगावच्या मुलींच्या शाळेच्या अंगणात डिप्टी साहेब उभे होते, कपाळाला आठ्या घालून. डिप्टी म्हणजे शाळा तपासणारा साहेब. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं. मोठे हुकूम नागपूरहून निघत. पण माझ्यासारखीची भाकरी डिप्टीच्या शेऱ्यावर. शेरा म्हणजे व्हिजिट बुकात साहेब लिहितो त्या चार ओळी. मी अनट्रेन्ड. नवरा गेल्यावर भावाच्या पाटीवर गिरवून गिरवून शिकलेली. जागाही टेंपररी.

तास भूगोलाचा होता. आधी शाळा, मग गाव, मग जिल्हा, असा शिकवायचा क्रम. शाळेत नकाशा एकच, तोही उंदरांनी कुरतडलेला. म्हणून मी अंगणभर रांगोळीनं बुलढाणं काढलं होतं. कचेरी, बाजार, हलवाई, सरबतवाला, अन् गाव संपल्यावर घाट. पोरी त्यावरून चालत. पायानं शिकलेलं पोरं विसरत नाहीत, हे मला मास्तर घडवणाऱ्या कोणत्या नॉर्मल स्कुलात सांगितलं नव्हतं.

आता खरं सांगते. बुलढाणं मी पाहिलेलंच नव्हतं. माझी थोरली बहीण अक्का, म्हणजे तुझी सख्खी आजी, तिथं दिलेली. दाजी कचेरीत कारकून. माहेरी आली की अक्का जात्यावर बसून सांगायची, "घरातून निघालं की तीनशे पावलावर हलवाई. द्रोणात गरम जिलबी. डाव्या हाताले वळलं की बेलाचं सरबत. मंग गाव सरते, हवा गार लागते, अन् घाटात सीताफळंच सीताफळं! सारं पायी पायी." मला जिलबीची भूक नव्हती गं. अक्काच्या जोडीनं चालायची होती.

तर साहेबांनी विचारलं, "बाई, घाट कुठल्या दिशेला?"

"उत्तरेला, साहेब."

"मग इथे पश्चिमेला का दाखवलात? नकाशात उत्तर वर असते. मुलींना उलटं शिकवताय तुम्ही." अन् खिशातून पेन काढलं.

'भूगोल कच्चा' एवढं लिहिलं की माझी जागा गेली. तेवढ्यात लक्षात आलं, साहेब उभे होते पश्चिमेच्या कडेला, पूर्वेकडे तोंड करून. रांगोळी काढताना मी पूर्वेकडेच तोंड करून बसते.

"साहेब, माफी असावी," मी म्हटलं. "कागदावरची उत्तर वर असते. जमिनीवरची उत्तर उत्तरेलाच असते. घाट तुमच्या डाव्या हाताला आहे, अन् तुमच्या डाव्या हाताला उत्तरच आहे."

साहेबांनी सूर्य पाहिला. आपली सावली पाहिली. मग एक पाऊल पुढं टाकलं.

"साहेब, जोडे काढा न!" दुसरीतली गंगू ओरडली. "हलवायाच्या कढईत पाय देऊन राह्यले तुमी!"

साहेबांनी जोडे काढले. गंगूनं त्यांना पुढं घातलं. "इथं सरबत प्या. आता दम खा, घाट हाय."

घाटापर्यंत जाऊन साहेब माझ्याकडे वळले. "केव्हा गेला होतात?"

खोटं बोलता आलं असतं. "गेले नाही, साहेब. बहिणीनं सांगितलं तसं काढलं."

बराच वेळ पेन चाललं. 'दिशाज्ञान चांगले. परंतु शिक्षिकेने न पाहिलेले शिकवू नये. चार दिवस रजा घेऊन बुलढाणे पायी पाहून यावे. जागा कायम करण्याचा विचार त्यानंतर.'

मेहकर, चिखली करत मोटारीनं पोचले. बेत ऐकून अक्काची सासू दारातच आडवी आली. "कारकुनाच्या घरच्या बाया रस्त्यानं खात हिंडतीन?" मी शेऱ्याची नक्कल वाचून दाखवली. सरकारी म्हटल्यावर म्हातारी नरमली, अन् अक्काकडे बोट केलं. "मंग एकटी काऊन जातं? हिले ने संगं."

निघालो. मी पावलं मोजत होते. तीनशे झाली, हलवाई नाही. चारशे झाली, तरी नाही.

"अक्का, तुवं मोजलं कसं?"

अक्का थांबली. पदर तोंडाला लावला. "म्या कुठी मोजलं वं? तुह्या दाजीनं मोजलं. त्यायची ढांग मोठी. रोज जेवताना सांगत, म्या वाढता वाढता ऐके. बारा वर्षांत विहीर अन् देऊळ, एवढंच बुलढाणं पाह्यलं म्या."

"मंग मले काऊन सांगे, आपुन गेल्यावानी?"

"तुले सांगितलं की गेल्यावानीच वाटे."

मग मी पुढं झाले. साडेचारशे पावलांवर हलवाई लागला. प्रत्येक वळण मला पाठ होतं. जिलबी खाल्ली, सरबत प्यालो. घाटाच्या तोंडाशी दगडावर बसून दोघींनी सीताफळं फोडली. खाली दरी हिरवीगार, अन् वारा असा की अक्काचा पदर डोक्यावर ठरेना. तिनंही तो धरला नाही.

परत येऊन मी रांगोळीत हलवाई दीडशे पावलं पुढं सरकवला. जागा कायम झाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत दोनच गोष्टी शिकले. नकाशा चूक म्हणण्याआधी आपण कुठं उभे आहोत ते पाहावं, अन् पावलं कोणाची मोजली तेही विचारावं.

अक्का पुन्हा घाटात गेली नाही. नेणारा शेराच आला नाही. आता तर तीही नाही.

तू तिच्याच घरात राहतेस, शालू. एकदा त्या दारातून निघ अन् घाटापर्यंत चाल, तुझ्या पावलांनी. मग चार सीताफळं घेऊन लवकर ये. मला आता वाकता येत नाही. अंगण कोणाकडून सारवून घेते, रांगोळी तू काढ.