आमटीची फोडणी

लसूण ठेचला की मला परदेशातली, चोआ चू कांग नावाच्या वस्तीतली आमची भाड्याची खोली आठवते. मालकीणबाई, म्हणजे आंटी, शेजारच्याच खोलीत राहायच्या आणि स्वयंपाकघर दोघांत मिळून एकच होतं. खोली देतानाच त्यांनी बजावलं होतं, "लाइट कुकिंग ओन्ली," म्हणजे नूडल्स उकळा, अंडी उकडा, पण फोडणी नको. आईने काही आठवडे ते पाळलं. मग एका रविवारी बाबा जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आले, पुढ्यातल्या नूडल्सकडे बघून नुसतंच "भूक नाही" म्हणाले, आणि आई उठली. मोहरी तडतडली, लसूण लाल झाला, आमटीवर फोडणी चर्रकन पडली. आंटी धावत आल्या. "आय टोल्ड यू लाह! यू वॉन्ट टू मूव्ह आउट, इज इट?" बाबा हळूच म्हणाले, "अगं, बंद कर. खोली जाईल." आईने गॅस बंद केला नाही. मला म्हणाली, "सांग त्यांना, खोली गेली तर दुसरी शोधू. पण आम्ही राहतो तिथे आमटी होणार." मी एकही शब्द न गाळता इंग्रजीत सांगितलं. आंटींनी पातेल्यात डोकावून पाहिलं. मग खिडकी सताड उघडून म्हणाल्या, "ओपन फर्स्ट, देन कुक." आता मी हॉस्टेलात राहते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे इथे काय चालतं, काय नाही, हे मला अजून नीटसं कळत नाही. किचनच्या दारावर उग्र वासाचे पदार्थ करू नयेत असा कागद लावलाय, तो मी दोनदा वाचला. मग खिडकी उघडली आणि लसूण ठेचायला घेतला.