आईचा उंट

नातवानं टूथपेस्टचं नवं खोकं उघडलं आणि त्या पुदिन्याच्या वासासरशी मी बाभुळगावच्या आमच्या स्वयंपाकघरात पोचले. साठ सालानंतरचे दिवस. तेव्हा अशा खोक्यात प्लास्टिकचा एक चिमुकला प्राणी निघायचा, आणि घरात सगळ्यांनाच त्याचं वेड लागलं होतं. जन्मभर राखेनं दात घासणारे बाबासुद्धा ट्यूब लवकर संपावी म्हणून दोनदा दात घासायचे. प्राणी मांडायची मात्र आई, चुलीजवळच्या फळीवर, रोज पदरानं पुसून. उंट तेवढा मिळत नव्हता.

तो निघाला त्याच आठवड्यात बाबांचे साहेब घरी आले. त्यांचा मुलगा उंटासाठी हटून बसला. बाबांनी हसत तो देऊन टाकला.

पाहुणे गेल्यावर आई कडाडली, "मले न विचारता कायले देला? माहा होता तो!"

"अवं, लेकरायचं खेळणं ते. तू का लहान हायेस?" बाबा म्हणाले, आणि आम्ही भावंडंही खो-खो हसलो.

अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या आईनं 'माझा' म्हटलेली ती पहिली वस्तू होती. तिनं उरलेले प्राणी आमच्यापुढे आदळले आणि पुन्हा त्यांना हात लावला नाही. बाबांचा राग मला अजून येतो. पण त्याहून जास्त चीड येते ती माझ्या त्या हसण्याची.