सखामामांचं पाणी

सखामामा पिंपात लिंबाचा डहाळा टाकल्याशिवाय जीप हलवायचे नाहीत. डहाळा तरंगत असला की पाणी हिंदकळून सांडत नाही. बहात्तरच्या दुष्काळात शिरूर-दौंडच्या माळांवर आमची युवक शिबिरं चालायची आणि भाड्याच्या जीपवर ड्रायव्हर असलेले मामा ट्रेलरवर दोन पिंपं घेऊन रोज हजर. मी घोषणा देताना फारच तापलो की म्हणायचे, "दादा, तुमच्या टकुऱ्यातबी येक डहाळा टाका."

ते पाणी कुठून येतं, हे आम्हा पुण्याच्या पोरांपैकी एकानंही कधी विचारलं नव्हतं.

एकदा मी भरायला सोबत गेलो. मामांच्याच गावची विहीर. त्यांनी जीप वीस पावलं अलीकडे थांबवली, चपला काढल्या आणि उभे राहिले. त्यांच्या बौद्ध वस्तीतल्या बायाही हंडे खाली ठेवून बसून होत्या. बऱ्याच वेळानं वरच्या आळीचा एक गडी आला. त्यानं पाणी शेंदलं आणि शिवू न देता, उंचावरून ओतलं. आधी हंड्यांत, मग पिंपांत.

माझं डोकं फिरलं. मी विहिरीकडे धावलो. मामांनी मनगट धरलं.

"पन्नास पोरं उन्हात हायती. पानी आज लागतंय. भांडू की आपुन, पर आदी वस्तीला इच्यारू."

मी विचारलं नाही. आठवड्यात पत्रक छापलं. त्यात गावाचं नाव, सरपंचाचं नाव आणि साक्षीदार म्हणून मामांचंही. पुण्यात पत्रक गाजलं. गावात वस्तीला विहीर बंद झाली. जीपच्या मालकानं मामांना काढलं.

मामांना वाचता येत नव्हतं. पत्रक त्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतलं.

"समदं खरं हाय," म्हणाले. "पर बायांनी आता पान्याला कुटं जायाचं, त्ये न्हाई का लिवलं?"

शिबिर उठलं, आम्ही परतलो. मामा आटलेल्या नदीत खड्डे उकरून कावडीनं वस्तीला पाणी आणत राहिले. त्या गढूळ पाण्यानं पटकी आली. तिसऱ्या दिवशी मामा गेले.

भेटायला गेलो तेव्हा मामी कुडाला टेकून बसल्या होत्या. "लांबनं आलाव," म्हणत उठल्या आणि तांब्या पुढे केला. त्याच खड्ड्यातलं पाणी. मी तांब्या हातात धरून बसलो.

"आमचं चालत न्हाई व्हय, दादा?"

"चालतं की, मामी," मी म्हणालो.

आणि तांब्या तसाच खाली ठेवला.